निवड-प्रदर्शने आणि महाराष्ट्रातील काष्ठकाम

ज्या प्रदर्शनात वस्तू मांडण्यापूर्वी ती जाणकारांच्या मंडळापुढे ठेवावी लागते आणि त्या मंडळाने पसंत केली तरच तिला जागा मिळते, अशा प्रदर्शनास निवड-प्रदर्शन म्हणता येईल. जत्रेत किंवा आठवड्याच्या बाजारात जागेचे भाडे भरले, की कोणालाही आपला माल मांडता येतो. पारितोषिकांच्या स्पर्धेत सर्वांचे काम मांडून त्यातून श्रेष्ठ ते निवडतात. निवड-प्रदर्शनात परीक्षण दारातच होते. प्रत्यक्षात या पद्धती एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. हाताने केलेल्या लाकूडकामाला हे परीक्षण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लागू झाले. महाराष्ट्रातील कारागिरांचा त्याच्याशी आलेला संबंध पाहता दोन प्रश्न सतत पुढे येतात : दाखविण्याजोगे काय मानले गेले आणि ते कोणाच्या नावे दाखविले गेले.

पूर्वपीठिका : गावगाड्यातील सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, तिफण, बैलगाडी, घराचे वासे व दारे, लग्नाचा पाट, देवाचे देव्हारे ही त्याची नित्याची कामे. त्याबद्दल त्याला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते मिळे. कामाची पारख करणारा परीक्षक म्हणजे ते वापरणारा कुणबी. नांगर शेतात चालला नाही, तर निकाल त्याच दिवशी लागे. यापेक्षा वरच्या दर्जाचे कोरीव काम वाड्यांतून आणि देवळांतून होई. पुण्याचा विश्रामबाग वाडा (१८०७) व चांदवडचा होळकरांचा रंगमहाल येथील सुरूच्या घाटाचे खांब, केळफुलांच्या तोलणी, कमानी व छत ही त्याची परिचित उदाहरणे होत. उत्तर कोकणात वसईच्या खाडीलगत इमारती लाकडाचा व्यापार जुना असून आगाशी हे जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते. पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) याच भागात चर्चमधील कोरीव लाकडी वेदी व संतमूर्ती यांची भर पडली.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. ते कुठल्यातरी वास्तूला, जहाजाला, शेताला किंवा देवस्थानाला जोडलेले आहे. खांब तुळईखाली उभा असतो आणि तेथेच त्याला अर्थ असतो. सुटा करून पेटाऱ्यात घालावा व दूरदेशी पाठवावा, असा तो पदार्थ नव्हे. मराठी मुलखातील सर्वांत चांगले लाकूडकाम आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत फारसे का दिसले नाही, याचे उत्तर बहुतांशी येथे सापडते. दरबारी व व्यापारी गिऱ्हाइकांसाठी तयार होणारी सुटी वस्तू मात्र मुंबईत होती आणि प्रदर्शनांचा दरवाजा प्रथम तिच्यासाठी उघडला.

लंडन, १८५१ : हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टनच्या स्फटिकगृहात १ मे १८५१ रोजी भरलेले महाप्रदर्शन हे या प्रकाराचे आद्य उदाहरण होय. सु. ६० लाख लोकांनी ते पाहिले. वस्तूंचे तीस वर्ग करून प्रत्येक वर्गाला परीक्षक मंडळ नेमले होते. फर्निचर व गृहसजावट यांचा वर्ग सव्विसावा होता. नवीन कल्पना वा विशेष महत्त्वाच्या कामगिरीसाठी ‘कौन्सिल पदक’ (एकूण १७०) व उत्तम कारागिरीसाठी ‘प्राइझ पदक’ अशी वाटणी होती. भारतीय विभाग ईस्ट इंडिया कंपनीने उभारला होता आणि त्याची व्यवस्था जॉन फॉर्ब्ज रॉइल यांच्याकडे होती. कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे स्थानिक समित्या नेमून त्यांच्यामार्फत वस्तू गोळा केल्या गेल्या. म्हणजे परीक्षणाची पहिली चाळणी लंडनच्या मंडळाने लावली नाही, ती मुंबईतच लागली. आणि ती लावणारे अधिकारी व व्यापारी होते, सुतार नव्हते.

निवडलेली वस्तू पुष्कळदा विकत घेऊन पाठविली जात असल्यामुळे प्रदर्शक म्हणून सूचीत कंपनीचे किंवा पाठविणाऱ्याचे नाव येई. पदकही त्याच नावे नोंदले जाई. प्रदर्शन संपल्यावर ब्रिटिश सरकारच्या ५,००० पौंडांच्या अनुदानातून जे नमुने खरेदी करण्यात आले, त्यांत भारतीय वस्तूंचा वाटा मोठा होता. पुढे साउथ केन्झिंग्टन येथील संग्रहालयाचा तो एक आरंभबिंदू ठरला. ज्यांच्या हातून ते काम झाले, त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही नाहीत. एकेका पेटीचे माप, लाकूड, गाव व किंमत यांची नोंद ज्या काळजीने केली गेली, ती पाहता हे विस्मरण म्हणता येत नाही. नोंद ठेवणाऱ्यांना कारागिराचे नाव हा वस्तूचा गुणधर्म वाटला नाही, इतकेच.

मुंबईत याच व्यवहारातून एक संस्था उभी राहिली. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी जमविलेल्या वस्तूंचे जोड-नमुने येथे ठेवून घेण्यात आले व त्यांतून सरकारी मध्यवर्ती संग्रहालयाचा पाया घातला गेला. भायखळ्याच्या आजच्या इमारतीत ते १८७२ मध्ये सुरू झाले आणि १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. या संग्रहालयाचे एक अभिरक्षक जॉर्ज बर्डवुड (१८३२–१९१७, जन्म बेळगाव) यांचा अभिप्राय पुढे भारतीय हस्तकलांच्या निवडीत फार वजनदार ठरला. पॅरिसच्या १८७८ च्या प्रदर्शनासाठी त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकेतूनच भारतातील औद्योगिक कलांविषयीचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ (१८८०) तयार झाला.

मुंबईची पेटी : ज्या लाकडी वस्तूने या प्रदर्शनांत सर्वाधिक नाव मिळविले, ती म्हणजे ‘मुंबईची पेटी’. हे सडेली जडावकाम इराणातील शिराझहून सिंधमार्गे सुरतेस व तेथून मुंबईस आले, अशी परंपरा आहे. हस्तिदंत, आबनूस, चंदन, पतंग, हिरवे रंगविलेले सांबरशिंग व कथलाची तार यांच्या बारीक त्रिकोणी व चौकोनी काड्या करून त्या सरसाने एकमेकींस चिकटवितात. त्यांची एक जुडी होते. जुडीच्या आडव्या छेदात तारकांची वा षट्कोनांची नक्षी दिसते. मग बारीक करवतीने तिच्या पातळ चकत्या कापतात आणि त्या पेटीच्या पृष्ठावर शेजारी शेजारी डकवितात. अंतर्भागात चंदन वापरण्याचा प्रघात होता. एकाच जुडीतून शेकडो सारख्या चकत्या निघत असल्यामुळे या कामाला वेग होता, तरी सर्व कौशल्य जुडी बांधण्यात असे. एखादी काडी केसभर जाड झाली, तरी पुढची संपूर्ण रांग वाकडी जाते. परीक्षकाच्या दृष्टीने ही वस्तू आदर्श होती : लहान, सहज पाठविण्याजोगी, हाताने केल्याची साक्ष पृष्ठावरच देणारी आणि युरोपीय घरात उपयोगी पडणारी.

त्याच काळी मुंबई इलाख्याचा भाग असलेल्या उत्तर कानड्यातील कुमठा, होन्नावर व शिरसी या भागांतील गुडीगारांच्या चंदनी पेट्यांनाही प्रदर्शनांतून मागणी येऊ लागली. देवादिकांच्या मूर्ती व वेलबुट्टी यांनी भरलेले त्यांचे कोरीव काम सडेलीपेक्षा निश्चितच अवघड होते.

शिसवी सामानाचा वाद : मुंबईतील काळ्या शिसवीच्या कोरीव फर्निचरची गोष्ट वेगळी. खुर्च्या, कोच, बैठकीची मेजे यांच्या पाठी व पाय दाट जाळीदार नक्षीने कोरलेले असत. विक्रीच्या दृष्टीने हा माल यशस्वी होता. परंतु बर्डवुड यांनी त्याचा घाट डच नमुन्यांवरून आलेला ठरवून त्याला अस्सल भारतीय कलेच्या बाहेर ठेवले. या अभिप्रायात तथ्य आहे; तथापि तो अपुरा वाटतो. खुर्ची हा पदार्थच मुळात परका असल्याने तिचा घाट परका असणे अपरिहार्य होते. शिसवीसारखे कठीण लाकूड पटाशीने आरपार कोरून त्याची जाळी करण्याचे कौशल्य मात्र येथल्या हातांचे होते. परीक्षकांनी घाट पाहिला, हात पाहिला नाही.

हा विचार दिल्लीच्या १९०२-०३ च्या प्रदर्शनात नियम म्हणून अवतरला. दिल्ली दरबाराच्या निमित्ताने कुदसिया बागेत भरविलेल्या या प्रदर्शनाचे उद्घाटन लॉर्ड कर्झन यांनी ३० डिसेंबर १९०२ रोजी केले. संचालक जॉर्ज वॅट व त्यांचे साहाय्यक पर्सी ब्राउन यांनी आधी देशभर फिरून कारागीर व वस्तू निवडल्या. युरोपीय किंवा युरोपीय वळणाचे काही घ्यायचे नाही, असा कर्झन यांचा दंडक होता. विक्रीचे दालन, राजेरजवाड्यांकडून व संग्रहालयांकडून उसन्या आणलेल्या जुन्या उत्कृष्ट नमुन्यांचे दालन व प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिरांची दालने अशी त्याची मांडणी होती. उसने नमुने ठेवण्यामागे हेतू असा, की कारागिराने व परीक्षकाने नवे काम जुन्याशी ताडून पाहावे. वॅट यांची सूची आजही उपयुक्त आहे. तीत लाकूडकामाला स्वतंत्र विभाग असून प्रांतवार शैली नोंदल्या आहेत. दंडकाची अडचण अशी झाली, की तो पाळला तर मुंबईच्या बाजारात वर्षानुवर्षे खपत असलेल्या मालाचा मोठा भाग अपात्र ठरतो. परदेशी गिऱ्हाइकाने घडविलेल्या मागणीप्रमाणे काम केल्याबद्दल परदेशी परीक्षकाने कारागिराला बाद करावे, हा न्याय विचित्र खरा. याच सुमारास मुंबई इलाख्यातील लाकडी कोरीव कामावर जे. ए. जी. वेल्स यांची सरकारी पुस्तिका (१९०२) निघाली.

नावाचा प्रश्न : लंडनला १८८६ मध्ये भरलेल्या वसाहती व भारतीय प्रदर्शनात (प्रेक्षक सु. ५५ लाख) लाकूडकामाचे भव्य नमुने होते. त्यांतील दरबार दिवाणखाना पंजाबातील भेरा येथील महंमद बक्ष व महंमद जुमा यांनी कोरला. तो आज इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथील संग्रहालयात आहे व कारागिरांची नावेही टिकून आहेत. असा योग विरळा. त्याच प्रदर्शनात प्रेक्षकांसमोर काम करीत बसलेले बरेच कारागीर आग्र्याच्या तुरुंगात शिकलेले होते, ही गोष्ट जाहिरातीत ठळकपणे आली नाही. अहमदाबादेत लॉकवुड डी फॉरेस्ट व मगनभाई हठीसिंग यांनी १८८१ मध्ये स्थापिलेल्या काष्ठकोरीव कंपनीचे काम अमेरिकेत व प्रदर्शनांत गाजले, पण ते कंपनीचे काम म्हणून. मिस्त्री त्यामागे राहिले.

याउलट, वॉल्टर क्रेन ज्याचे पहिले अध्यक्ष होते त्या लंडनच्या ‘आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स एक्झिबिशन सोसायटी’ने १८८८ च्या आपल्या पहिल्याच प्रदर्शनात आराखडा करणारा व प्रत्यक्ष काम करणारा या दोघांचीही नावे सूचीत देण्याचा आग्रह धरला. इंग्लंडमधील सुताराला १८८८ मध्ये मिळू लागलेला हा मान भारतीय सुताराला संस्थात्मक स्वरूपात मिळण्यास आणखी सु. पाऊणशे वर्षे लागली.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत (स्था. १८५७) लॉकवुड किपलिंग यांच्या काळापासून (१८६५–७५) हस्तकलांकडे लक्ष दिले जात होते, १८९१ मध्ये तेथे रे कला-कर्मशाळा सुरू झाल्या व त्यांत लाकडी कोरीव कामाचाही समावेश झाला. काँग्रेसच्या अधिवेशनांबरोबर कलकत्ता (१९०१), अहमदाबाद (१९०२), मद्रास (१९०३) व मुंबई (१९०४) येथे औद्योगिक प्रदर्शने भरली. अहमदाबादच्या प्रदर्शनाचे उद्घाटन सयाजीराव गायकवाड यांनी केले. या प्रदर्शनांत प्राचीन वळण टिकविण्यापेक्षा देशी उत्पादन वाढविण्यावर भर होता. हातकामाच्या शेजारी यंत्राचा माल मांडला जाई आणि सुताराची स्पर्धा प्रथमच कारखान्याशी दिसू लागली.

स्वातंत्र्योत्तर काळ : अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ १९५२ मध्ये स्थापन झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. (हे मंडळ २०२० मध्ये विसर्जित करण्यात आले, हस्तव्यवसाय विकास आयुक्तांचे कार्यालय चालू आहे.) निष्णात कारागिरांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९६५ पासून देण्यात येऊ लागले आणि २००२ पासून ‘शिल्पगुरू’ हा त्याहून वरचा सन्मान सुरू झाला. पुरस्कारासाठी कारागीर स्वतःच्या नावे अर्ज करतो, स्वतः केलेली वस्तू सादर करतो आणि ती विभागीय समितीकडून टप्प्याटप्प्याने केंद्रीय समितीपर्यंत जाते. १८५१ च्या पद्धतीशी तुलना करता हा मोठाच पालट होय.

सुटेपणाची अट मात्र राहिली. तिचे उत्तम उदाहरण लाकूडकामातले नसून पालघर जिल्ह्यातील (स्था. २०१४; पूर्वी ठाणे जिल्हा) आहे. वारली चित्रे झोपडीच्या कुडावर लग्नप्रसंगी स्त्रिया काढीत. कूड प्रदर्शनात नेता येत नाही. सत्तरीच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी कागद दिला आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे (मृ. २०१८) यांची चित्रे प्रदर्शनांत पोहोचली; मशे यांना १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. याच जिल्ह्यातील लाकूडकामाला असा कागद सापडलेला नाही. वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावांपासून डहाणू, जव्हार व मोखाड्यापर्यंतच्या टापूत हाती केलेल्या लाकूडकामाचा खरा आधार शेती, घर व देवकार्य हाच राहिला. बोहाड्यातील सोंगांचे मुखवटे नाचणाऱ्याच्या तोंडावर व मशालींच्या उजेडात पाहावयाचे असतात. सूर्य, चंद्र व वाघ कोरलेला वाघदेवाचा खांब तर पूजेचा, त्याला अर्जासोबत पाठविण्याचा प्रश्नच येत नाही. मुखवटे अलीकडे भिंतीवरील शोभेची वस्तू म्हणून विक्रीस येतात. त्यांचा आकार लहान होतो, डोळ्यांची भोके नावापुरती उरतात. परीक्षकाने यांतील कोणता मुखवटा अस्सल मानावा, हे नियमावलीत लिहून ठेवता येण्यासारखे नाही.

सावंतवाडीचा अनुभव अधिक सुखावह आहे. तेथील चिताऱ्यांचे लाखकाम, लाकडी फळे, खेळणी, पाट व चौरंग ही मुळातच सुटी, रंगीत व ओळखू येणारी वस्तू असल्याने प्रदर्शनांत तिला सहज स्थान मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच गंजिफा व लाखकाम यांना आश्रय दिला आणि मोडकळीस आलेल्या व्यवसायाला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले.

परीक्षणाच्या कसोट्या : लाकूडकामाचे परीक्षण करताना जाणकार प्रथम वस्तू उलटी करतात. तळ, आतली बाजू व खणांचे सांधे येथे कारागीर खरा दिसतो. दर्शनी भागावर पॉलिश पुष्कळ झाकते. लाकूड पुरते मुरलेले आहे किंवा नाही, ही त्यापुढची कसोटी. कोकणच्या दमट हवेत घट्ट बसलेला सांधा दिल्लीच्या कोरड्या थंडीत उघडतो, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते. अनुभवी सुतार म्हणूनच रुंद फळी चौकटीत खिळवून न टाकता खाचेत मोकळी ठेवतो. जडावकामात लाकूड व हस्तिदंत कमीअधिक आकसत असल्याने चकत्या सुटण्याची भीती अधिक. तिसरी कसोटी हत्यारांच्या खुणांची. वाकस, पटाशी व रंधा यांच्या खुणा घासून नाहीशा केल्या, तर हातकामाचा पुरावाच जातो. त्या तशाच ठेवल्या, तर काम ओबडधोबड म्हणून बाद होण्याचा धोका. संगणकनियंत्रित कोरीव यंत्रे आल्यापासून हा पेच वाढला आहे. यंत्राची नक्षी खोलीला एकसारखी व कोपऱ्यांत गोलसर येते. पटाशीचा कोपरा टोकदार असतो. हा फरक हातात वस्तू असली तर कळतो, छायाचित्रात कळेलच असे नाही.

छायाचित्राचे महत्त्व मात्र वाढतच गेले. अमेरिकेत अमेरिकन क्राफ्ट कौन्सिलच्या जत्रेपासून (स्टो, व्हर्माँट, १९६६) पुढे जी निवड-प्रदर्शने रूढ झाली, त्यांत ठराविक रंगीत पारदर्शिका परीक्षकांपुढे पडद्यावर दाखवीत व कर्त्याचे नाव झाकून ठेवीत. निकालानंतर मात्र कर्त्याने आपल्या गाळ्यात स्वतः उभे राहिलेच पाहिजे, असा दंडक असतो. स्मिथ्सोनियन संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनाची (१९८३ पासून) पद्धत याच जातीची आहे. सँटा फे येथील लोककला बाजार (२००४ पासून) जगभरच्या कारागिरांची अशीच छाननी करतो. नाव झाकण्याचा हेतू येथे पक्षपात टाळणे हा असल्याने १८५१ च्या अनामिकतेशी त्याची गल्लत करू नये. पण ज्याला आपल्या कामाचे स्वच्छ छायाचित्र काढवून घेता येत नाही व अर्जाची भाषा येत नाही, त्या कारागिरासाठी दारातला परीक्षक पूर्वीपेक्षा जवळ आला, असे म्हणवत नाही. युनेस्कोने २००१ मध्ये आग्नेय आशियात सुरू केलेल्या व २००४ पासून दक्षिण आशियात आलेल्या गुणवत्तामुद्रेच्या कसोट्यांत उत्कृष्टता, अस्सलपणा, नावीन्य व विक्रीयोग्यता या चारही गोष्टी एकत्र आहेत. अस्सलपणा व नावीन्य यांचा मेळ घालण्याचे काम अर्थात कारागिराकडेच सोपविलेले आहे. भारतात २०१६ पासून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्रे देण्यात येऊ लागली.

कच्च्या मालाची अट : अलीकडच्या काळात निवड केवळ कारागिरीवर ठरत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी भारतीय व आयात अशा दोन्ही हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि सडेलीच्या जुडीतील पांढरी काडी हाड वा अन्य पर्यायी द्रव्याची झाली. संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारान्वये २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण प्रजातीवर नियंत्रण आले. निर्यातीसाठी लाकडाच्या कायदेशीर उगमाचे प्रमाणपत्र आवश्यक झाले आणि भारतात त्यासाठी ‘वृक्ष’ ही प्रमाणनपद्धती वापरली जाते. शिसमच्या तयार वस्तूंना, प्रत्येक वस्तूतील लाकूड १० किग्रॅ. पेक्षा कमी असल्यास, परवान्यातून मोकळीक असल्याचे नोव्हेंबर २०२२ मधील पनामा येथील परिषदेत स्पष्ट करण्यात आले. शिसमची लहान पेटी त्यामुळे परदेशी प्रदर्शनास परवान्यावाचून जाऊ शकते. कोरीव पाठीच्या वजनदार खुर्चीला परवाना लागतो.